गठ्ठ्यांतील पुस्तके आणि गावोगावचा वाचक

पुरोगामी चळवळीच्या कोणत्याही जिल्हा कार्यालयात पाऊल टाकले, की नेत्यांच्या तसबिरींखाली एक दृश्य हमखास दिसते. सुतळीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे भिंतीशी रचून ठेवलेले असतात. वरच्या प्रतींवर धूळ, खालच्या प्रतींना ओल. कुणा कार्यकर्त्याचा कवितासंग्रह, कुठल्या शिबिरातील व्याख्यानांची पुस्तिका, एखाद्या शाहिराच्या पोवाड्यांचे संकलन. प्रकाशन समारंभ यथासांग झालेला असतो. पुस्तक घराघरांत गेले पाहिजे, असे अध्यक्षांनी बजावलेले असते आणि उपस्थितांनी टाळ्याही वाजवलेल्या असतात. त्या दिवशी चाळीस-पन्नास प्रती खपतात. उरलेल्या कार्यालयाच्या कोपऱ्यात कायमच्या वस्तीला येतात.

या गठ्ठ्यांचे कारण विचारले, तर ठरीव दोन उत्तरे मिळतात. पहिले, लोक आता वाचत नाहीत. दुसरे, आजचा जमाना मार्केटिंगचा आहे आणि ते चळवळीला जमत नाही. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. त्याहून वाईट म्हणजे ती सोयीची आहेत. पहिले उत्तर दोष जनतेवर ढकलते, दुसरे भांडवलदारांवर. आणि दोहोंच्या आड संघटनेचा स्वतःचा आळस सुखाने झोप घेतो.

लोक वाचत नाहीत, या विधानाला एकच उदाहरण पुरेसे आहे. गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका १९८८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यामागे जाहिरात कंपनी नव्हती, मोठ्या वृत्तपत्रांतील परीक्षणांचा गाजावाजा नव्हता. मूळ एका व्याख्यानाचे. किंमत साध्या माणसाला परवडेल अशी. आणि विक्रीची जागा म्हणजे सभा, शिबिर, मोर्चा, महाविद्यालयाचे आवार. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची निघते, तेथे या पुस्तिकेच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि तिचे इतर भारतीय भाषांत अनुवाद झाले. ज्यांना ग्रंथाचा ग्राहक म्हणून कोणी गणतीत धरले नव्हते, त्यांनी ती विकत घेतली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. विचार माणसांपर्यंत पोचविणे हे काम किरकोळ असते, तर ते करणाऱ्याचा जीव घेण्याची गरज कोणाला भासली नसती. चळवळीच्या विरोधकांना प्रसाराचे मोल कळते. चळवळीलाच ते कळू नये, ही खरी शोकांतिका आहे.

दुसरे उत्तर अधिक बारकाईने तपासावे लागते, कारण त्यात अर्धे सत्य आहे. मार्केटिंग हा शब्द उच्चारला की पुरोगामी माणसाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती अकारण पडत नाही. आधी माल काढायचा आणि मग त्या मालाची गरज माणसांच्या मनात जाहिरातीने निर्माण करायची, ही आधुनिक भांडवलशाहीची रीत जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी १९५८ सालीच 'द ॲफ्लुअंट सोसायटी' या ग्रंथात उघडी केली. साहित्यालाही आता हीच रीत लागू झाली आहे. लेखकाचा चेहरा, लेखकाचा प्रवास, लेखकाचा चहाचा पेला, सारे काही विकाऊ झाले आहे. फक्त त्याने मांडलेले म्हणणे काय, हे कोणी विचारीत नाही. या प्रकाराचा तिटकारा योग्यच आहे. परंतु जाहिरातबाजीचा तिटकारा म्हणजे प्रसाराचा तिटकारा नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत करून चळवळीने गेल्या काही दशकांत स्वतःचे अपरिमित नुकसान करून घेतले आहे.

विचार ही कसली वस्तू?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्जनशील कृती ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. गिऱ्हाईक धान्य मुठीत घेऊन पारखते, कापडाचा पोत बोटांनी पाहते आणि मग पैसे मोजते. कादंबरीचे तसे नाही. वाचल्याशिवाय तिचे मोल कळत नाही आणि वाचून झाल्यावर ती विकत घेण्याचे कारण उरत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६२ साली माहितीच्या बाजाराविषयी हाच पेच मांडला होता. मग अनोळखी पुस्तकासाठी माणूस खिशात हात घालतो तो कशाच्या भरवशावर? एक तर लेखकाच्या आधीच्या कीर्तीच्या, नाही तर जाहिरातीच्या, नाही तर ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या शब्दाच्या. पहिली गोष्ट नव्या लेखकापाशी नसते. दुसरीला भांडवल लागते. तिसरी मात्र पैशाने मिळत नाही. ती वर्षानुवर्षांच्या सहवासाने आणि कामाने मिळते. चळवळीपाशी जे काही भांडवल आहे, ते नेमके हे तिसऱ्या प्रकारचे आहे. रेशनच्या प्रश्नावर, पाण्याच्या प्रश्नावर, वेठबिगारीच्या प्रश्नावर ज्या कार्यकर्त्याने वस्तीत काम केले, त्याने एखादे पुस्तक हाती दिले तर वस्ती ते उघडून पाहते. हा विश्वास वापरायचाच नाही, आणि वर जाहिरातीला पैसा नाही म्हणून रडायचे, याला काय म्हणावे?

विचाराचा दुसराही एक गुण आहे. विहिरीचे पाणी उपसले की कमी होते. विचार वाटल्याने कमी होत नाही. एका व्याख्यानातला युक्तिवाद शंभर जणांनी उचलला, तर तो शंभर ठिकाणी पूर्णच असतो. खरी टंचाई आहे ती ऐकणाऱ्याच्या लक्षाची. माहितीचा सुकाळ झाला की अवधानाचा दुष्काळ पडतो, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते. या दोन सत्यांतून प्रसाराचे सगळे धोरण निघते. जे वाटल्याने कमी होत नाही ते मुक्तहस्ताने वाटावे, आणि जे दुर्मीळ आहे ते, म्हणजे ज्यांना त्या विषयाची मुळात तहान आहे अशा माणसांचे लक्ष, नेमकेपणाने शोधावे. ऊसतोड कामगारांच्या जीवनावरील कादंबरीचे पहिले वाचक शहरातील साहित्य संमेलनाच्या मांडवात शोधण्यात काय हशील? ते साखर कारखान्याच्या पट्ट्यात आहेत, तेथील शिक्षकांत आहेत, कामगार संघटनेच्या बैठकीत आहेत.

जोतीरावांची रीत

हे काही परदेशी शहाणपण नव्हे. महाराष्ट्रात ते दीडशे वर्षांपूर्वी आचरणात आलेले आहे. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला. तो छापून त्याच्या विक्रीची वाट पाहत ते बसले नाहीत. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी त्यातील भाग लोकांसमोर वाचून दाखविले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनाही तो वाचून दाखविला. 'दीनबंधु' पत्रात पहिले दोन भाग आले आणि पुढचे छापण्यास पत्र कचरले. जोतीरावांच्या हयातीत हा ग्रंथ संपूर्णपणे छापून निघू शकला नाही. तरीही तो त्या काळी निरर्थक ठरला, असे कोण म्हणेल? ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्याच पुढे, त्यांच्याच गावी, त्यांना समजेल अशा बोलीत तो गेला. बहुसंख्य श्रोते निरक्षर असताना जोतीरावांना आपला वाचक सापडला, आणि आज साक्षर महाराष्ट्रात त्यांच्या वारसदारांना तो सापडत नाही!

सत्यशोधक जलशांनी हीच परंपरा पुढे चालविली. आंबेडकरी जलशांनी ती वस्तीवस्तीत नेली. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांच्यापुढे विषयाशी जीवनमरणाचे नाते असलेला गिरणगावचा श्रोता होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांसारख्या कवीला आणि निळू फुले यांच्यासारख्या नटाला लोकांपुढे उभे केले. पुस्तकाच्या आधी गाणे पोचले, गाण्यामागून विचार पोचला आणि विचारामागून पुस्तक गेले. आज या कलापथकांचे काय झाले आहे? पुढारी येईपर्यंत गर्दी धरून ठेवणे, एवढेच काम शाहिराकडे उरले आहे. पुढाऱ्याची गाडी मैदानात शिरली की पोवाडा अर्ध्या कडव्यावर थांबविला जातो. ज्या संघटनेत कला ही सभेची पूर्वतयारी समजली जाते, तिच्या कार्यालयात पुस्तकांचे गठ्ठे साठले तर नवल नाही.

या परंपरेत एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५९ साली 'फकिरा' लिहिणारे, ज्यांची गाणी लाखोंच्या ओठांवर होती ते अण्णा भाऊ साठे १९६९ साली हलाखीत मरण पावले. विचार मुक्तहस्ताने वाटावा, याचा अर्थ कलावंताने उपाशी राहावे असा होत नाही. चळवळीने कलावंताचा त्याग गृहीत धरला आणि त्याच्या श्रमाचे मोल देणे मात्र टाळले. गिरणीमालकाने कामगाराचे श्रम फुकट घेतले की त्याला शोषण म्हणायचे, आणि संघटनेने शाहिराचे श्रम फुकट घेतले की त्याला ध्येयवाद म्हणायचे, हा कोणता समाजवाद? अलीकडे तर कार्यकर्तेच चालू लेखकाचे अख्खे पुस्तक मोबाईलवरून एकमेकांना पाठवितात आणि प्रसार केल्याचे समाधान मिळवितात. पुस्तकातील विचार सांगणे, त्यावर चर्चा घडविणे, एखादे प्रकरण जाहीरपणे वाचणे हा प्रसार. लेखकाच्या आणि छोट्या प्रकाशकाच्या ताटातली भाकरी उचलून वाटणे हा प्रसार नव्हे.

दोन प्रयोग, दोन धडे

प्रसार आणि मोबदला यांची सांगड घालता येते, याचे पुरावे आहेत. मे १९३६ मध्ये इंग्लंडात प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांनी हॅरल्ड लास्की आणि जॉन स्ट्रेची यांच्या साह्याने 'लेफ्ट बुक क्लब' सुरू केला. सभासदाने किमान सहा महिने दरमहा एक पुस्तक घ्यायचे. किंमत अडीच शिलिंग, म्हणजे सभासद नसलेल्यांना पडणाऱ्या किमतीहून पुष्कळच कमी. अडीच हजार सभासद मिळाले तरी क्लब तगेल असा हिशेब होता. पहिल्या वर्षाअखेरीस ते चाळीस हजारांच्या घरात गेले आणि १९३९ पर्यंत सत्तावन्न हजारांवर पोचले. यातील अर्थशास्त्र साधे आहे. गिऱ्हाईक आधी ठरलेले असल्याने छपाईचा धोका नाहीसा होतो आणि धोका नाहीसा झाला की किंमत उतरते. परंतु क्लबचे खरे बळ या हिशेबात नव्हते. गावोगावी हजाराहून अधिक चर्चामंडळे निघाली. खाणकामगार, शिक्षक, कारकून महिन्यातून एकदा जमून त्या महिन्याच्या पुस्तकावर वाद घालू लागले. पुस्तक हे त्या मंडळाला जमण्याचे निमित्त होते आणि मंडळ हे पुस्तकाचे पाय होते.

आणि तरीही त्याच क्लबचा एक धडा समाजवाद्यांनी कधीही विसरू नये असा आहे. जॉर्ज ऑर्वेल यांचे 'द रोड टू विगन पिअर' १९३७ साली क्लबने काढले, पण त्यातील समाजवाद्यांवरची टीका झोंबली म्हणून गोलान्झ यांनी तिला उत्तर देणारी प्रस्तावना स्वतः जोडली. स्पेनमधील यादवी युद्धाचा आणि कम्युनिस्टांनी आपल्याच सहकाऱ्यांच्या केलेल्या छळाचा अनुभव ऑर्वेल लिहू लागले, तेव्हा तर गोलान्झ यांनी ते पुस्तक लिहून होण्याआधीच नाकारले. 'होमेज टू कॅटलोनिया' १९३८ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने काढले. त्याच्या पंधराशे प्रती ऑर्वेल यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५० पर्यंत, संपल्या नाहीत. हजारो वाचकांची वाट ज्या क्लबच्या ताब्यात होती, त्यानेच त्या वाटेवर नाका बसविला. १९३९ च्या ऑगस्टमध्ये हिटलर-स्टालिन करार झाला, एका परदेशी राजधानीच्या धोरणाकडे डोळे लावून बसलेल्या निवडीचे पितळ उघडे पडले आणि क्लब त्या धक्क्यातून पुरता सावरला नाही. १९४८ मध्ये तो बंद पडला. तात्पर्य, वाचकांची संघटना उभारणे आवश्यक आहे. पण पुस्तकांची निवड पक्षशिस्तीच्या दावणीला बांधली, की वाचक प्रथम कंटाळतो आणि मग फसविला गेल्याच्या भावनेने निघून जातो.

दुसरा प्रयोग जवळचा आहे. १९४५ साली केरळात कोट्टयम येथे बारा लेखकांनी एकशेवीस रुपयांच्या भांडवलावर 'साहित्य प्रवर्तक सहकारी संघ' काढला. एम. पी. पॉल आणि कारूर नीलकंठ पिळ्ळै यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा संघ लेखकाला तीस टक्के मानधन देऊ लागला. अन्यत्र दहा टक्क्यांसाठी लेखकाला प्रकाशकाचे उंबरे झिजवावे लागत, तेथे ही जवळजवळ क्रांतीच होती. पुढे तो संघ आर्थिक अडचणींत सापडला हे खरे, पण तोवर त्याने मलयाळी ग्रंथव्यवहाराचे रूप पालटून टाकले होते. त्याच केरळात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शास्त्र साहित्य परिषदेने विज्ञानाची पुस्तके कार्यकर्त्यांच्या खांद्यावरून घरोघर नेली. १९८० पासून तिचे कलाजथे गावोगाव फिरू लागले. चौकात नाटुकले व्हायचे, त्यातून प्रश्न उभा राहायचा आणि नाटुकले संपल्यावर त्याच प्रश्नावरचे पुस्तक लोक विकत घ्यायचे. पुस्तकविक्री हा संघटनेच्या खर्चाचाही मोठा आधार झाला. देणगीदारापुढे हात पसरण्याऐवजी वाचकाच्या चार रुपयांवर उभी राहणारी संघटना अधिक ताठ मानेने बोलू शकते, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रातही हे घडले होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ सुरू केली. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये तिच्यातर्फे आले. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने मेळावे भरवून दलित लेखकाबरोबर दलित वाचकही घडविला. तेव्हा या भूमीत बीज रुजत नाही, ही तक्रार टिकणारी नाही. नांगरणी थांबली आहे.

कोणाच्या अंगणात?

यावर कोणी म्हणेल, की आता ही सारी यातायात कशाला? मोबाईलच्या पडद्यावर क्षणात हजारो माणसे गाठता येतात. ती गाठावीत; साधनाला विरोध करणे शहाणपणाचे नाही. छापखाना आला तेव्हा जोतीरावांनी तो वापरलाच. पण छापखान्याने श्रोत्यांची यादी आपल्या तिजोरीत कुलूपबंद करून ठेवली नव्हती. आजच्या समाजमाध्यमांच्या कंपन्या वाचकाला पुस्तक विकत नाहीत. त्या जाहिरातदाराला वाचकाचे लक्ष विकतात. कोणाला काय दिसावे हे त्यांचे गणित ठरविते, आणि त्या गणिताला संतापाची भाषा संथ युक्तिवादापेक्षा अधिक फलदायी वाटते. आज दहा हजार अनुयायी असलेल्या लेखकाचा आवाज उद्या नियम बदलला की दहा जणांपर्यंतही पोचत नाही. दुसऱ्याच्या अंगणात लावलेल्या झाडाची फळे मालकाच्या मर्जीने मिळतात. म्हणून माध्यमाचा उपयोग आमंत्रणापुरता करावा. बैठक आपल्या अंगणात भरवावी.

या अंगणाची जागाही तयार आहे. १९६७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जे जाळे पसरले, त्यात आज अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालये आहेत. त्यांतील अनेक ठिकाणी वर्षाअखेरीस अनुदान संपविण्यासाठी पुस्तके घेतली जातात आणि निवड विक्रेत्याच्या सुटीच्या टक्क्यावर ठरते. या ग्रंथालयांच्या कार्यकारिणीत समाजवादी कार्यकर्ते पूर्वी असत. पंचायतीच्या आणि पतपेढीच्या निवडणुकीत जी चुरस दाखविली जाते, तिच्या दशांशाने चुरस ग्रंथालयाच्या निवडणुकीत दाखविली, तर पुस्तकांची निवडही बदलेल आणि रिकाम्या वाचनकक्षात महिन्यातून एकदा वीस माणसे जमू लागतील.

शेवटचा आक्षेप साहित्यिकांचा. कलाकृतीला प्रसाराच्या दावणीला बांधले की ती प्रचारकी होते, असे ते म्हणतात. भीती रास्त आहे, पण तिचा रोख चुकला आहे. काय लिहावे हे संघटनेने सांगू नये. गोलान्झ यांनी केलेली चूक तीच. मात्र लिहिलेले कोणापुढे न्यावे, हा संघटनेचा प्रश्न आहे. कवीने विठ्ठलावर लिहावे, पावसावर लिहावे, गिरणीच्या भोंग्यावर लिहावे. ज्यांच्या जगण्याशी ते भिडते त्यांच्यापर्यंत ते नेण्याची जबाबदारी कवीच्या एकट्याच्या शिरावर टाकणे हा अन्याय आहे. आणि ज्या लेखकाला आपले लेखन ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापुढे वाचून दाखविण्याचा संकोच वाटतो, त्याने तो संकोच कशाचा आहे हे एकदा तपासून पाहावे.

करावयाचे काम अवघड नाही, फक्त चिकाटीचे आहे. पुस्तक छापण्याआधी त्यातील भाग पाच ठिकाणी वाचला जावा. श्रोत्यांचे प्रश्न लेखकाने ऐकावेत. पूर्वनोंदणी झाल्याखेरीज आवृत्तीचा आकडा ठरवू नये. प्रत्येक तालुका शाखेने एक वही ठेवावी आणि तीत वाचकाचे नाव, गाव आणि कोणत्या विषयाची त्याला आस्था आहे हे लिहावे; वर्गणीदारांची यादी ठेवणाऱ्या संघटनेला हे नवे नाही. शाहिराचे आणि लेखकाचे मानधन मंडपाच्या भाड्याआधी चुकते व्हावे. पोवाडा पुढारी आल्यावर थांबू नये. पुढाऱ्याने बसून तो ऐकावा. निवडीच्या समितीत पक्षाशी मतभेद असलेली दोन माणसे तरी असावीत. पुढच्या जिल्हा मेळाव्यात ठराव मांडण्यापूर्वी प्रत्येक शाखेने एवढाच हिशेब द्यावा, की गेल्या वर्षात किती पुस्तके वाचली गेली, कोणत्या वस्तीत, आणि त्यावर वाद कोणता झाला.

ज्या संघटनेला स्वतःचे शंभर पानांचे पुस्तक शेजारच्या गल्लीत नेता येत नाही, तिने समाज बदलण्याची भाषा जरा जपूनच करावी. क्रांतीची वाट पाहण्याआधी कार्यालयाच्या कोपऱ्यातील गठ्ठ्याची सुतळी सोडावी.